पेशी दिसतेय, पण काम करतेय का? आरपी झालेल्या डोळ्यातल्या कोन पेशींचं प्रकरण

आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा, हा आजार डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) बहुतेक वेळा कडेकडून सुरू होतो आणि मध्याकडे सरकत येतो. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं कमी कमी होत जातं, आणि बरीच वर्षं गेल्यावर मधलं तेवढं शिल्लक राहतं, त्या मधल्या भागावरच माणूस वाचतो, चेहरे ओळखतो, सगळं निभावतो. साधारण 4000 माणसांमागे एकाला हा असतो. मूळ दोष जीनमधला, आणि बऱ्याच प्रकारांत तो जीन फक्त रॉड पेशींच्या कामाचा असतो, म्हणजे अंधुक उजेडात बघायच्या पेशींच्या. दिवसाउजेडी बघायला आणि रंग ओळखायला ज्या कोन पेशी लागतात त्यांचं त्या जीनशी काही घेणंदेणंच नसतं, तरी रॉड संपले की काही वर्षांनी कोनही जायला लागतात. असं का, याची दोन-तीन कारणं सांगतात: रॉड एक प्रोटीन सोडायचे ज्याच्यावर कोन तगून होत्या ते बंद झालं, किंवा कोनला ग्लुकोज पुरत नाही, किंवा रॉड जो ऑक्सिजन वापरायचे तो आता तसाच साठून नुकसान करतो. मला वाटतं सगळ्यातच थोडं थोडं तथ्य असणार. पण पेशंटच्या बाजूने बघितलं तर रात्रीचं दिसणं गेल्यावर माणूस कसंबसं चालवून घेतो, कोन गेल्या की विषय संपला. म्हणून या प्रकरणातला प्रश्न कोनबद्दलचाच आहे.

प्रश्न असा, की एखाद्या जागी कोन पेशी फोटोत व्यवस्थित दिसतायत, मोजल्या तर संख्याही नॉर्मल भरतेय, तर त्या काम करतायत असं धरून चालायचं का? अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना युनिव्हर्सिटीत डोनाल्ड मिलर यांच्या लॅबने हे आरपीच्या पेशंटच्या जिवंत डोळ्यात, एकेका पेशीवर मोजून बघितलं, आणि ते 2021 साली पीएनएएस या जर्नलमध्ये आलं. डोळ्याला काही टोचलं नाही, डाय दिला नाही, कॉर्नियावर इलेक्ट्रोड ठेवला नाही, नुसता प्रकाश. या तंत्राला ऑप्टोरेटिनोग्राफी म्हणतात, आणि ते इथे का लागलं हे कळायला आधीच्या टेस्ट कुठे अडतात ते बघायला लागेल.

रेटिना प्रकाशाला कसा प्रतिसाद देतो हे बघायची जुनी आणि अजूनही मानाची टेस्ट म्हणजे ईआरजी, इलेक्ट्रोरेटिनोग्राम. उजेड पडला की पडद्यातून विजेचा सिग्नल निघतो हे 1865 साली स्वीडनच्या होल्मग्रेनने बेडकाच्या डोळ्यात दाखवलं होतं, तेव्हापासूनची ही गोष्ट. आज डोळ्यावर इलेक्ट्रोड लावतात, वीसेक मिनिटं अंधारात बसवतात, फ्लॅश देतात आणि लहरी बघतात, पहिली खाली जाणारी ए-वेव्ह मुख्यतः रॉड-कोनची, मग वर जाणारी बी-वेव्ह त्यांच्या पुढच्या बायपोलर पेशींची. टेस्ट उत्तम, पण ती अख्ख्या पडद्याची बेरीज सांगते. पडद्यावर कोनच जवळपास 60 लाख असतात आणि त्यातल्या अगदी मध्यभागातल्या मॅक्युलात दहा टक्केही नसतात. त्यामुळे आरपीत बेट उरल्यासारखा मधला भाग जिवंत असताना, पेशंट पेपर वाचत असताना, ईआरजी जवळजवळ सपाट येऊ शकतो. मल्टिफोकल ईआरजीने जागा थोडी कळते, पण एकेका ठिपक्यात शेकडो-हजारो पेशी येतातच.

दुसरी टेस्ट पेरिमेट्री, म्हणजे ठिपका दिसला की बटण दाबा. नेहमीचा जो ठिपका वापरतात तो पडद्यावर सव्वाशे मायक्रॉनभर रुंद पडतो, म्हणजे मध्यापासून थोडं बाजूला गेलात तर त्याच्याखाली दोनेकशे कोन तरी येतात. त्यातल्या निम्म्या आळशी झाल्या असतील तरी माणूस बटण दाबू शकतो. वर थकवा, कंटाळा, सवय हे सगळं त्यात मिसळतं.

तिसरी ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, प्रकाशाने पडद्याच्या आतलं चित्र काढणारी. ही तर आता डोळ्याच्या प्रत्येक मोठ्या क्लिनिकमध्ये असते, पडद्याचे थर उभे कापून दाखवल्यासारखे दिसतात, आणि आरपीत एक ठळक पांढरी रेघ कुठपर्यंत शाबूत आहे ते बघून आजार कुठे पोचलाय ते सांगतात. पण रेघ आहे म्हणजे तिथे पेशींची रचना आहे एवढंच कळतं. उजेड पडल्यावर ती रचना काय करते याबद्दल साधी ओसीटी गप्प. मला वाटतं डोळ्याच्या इमेजिंगमध्ये ही चूक सगळीकडे चालते, चित्र इतकं सुंदर येतं की बघणारा परस्पर पेशीला पास करून टाकतो.

आता गंमत इथून पुढे आहे. कोन पेशीचा जो बाहेरचा दांडा असतो, आउटर सेगमेंट, ज्यात प्रकाश पकडणारं रंगद्रव्य थरावर थर रचून भरलेलं असतं, त्याची लांबी उजेड पडल्यावर किंचित बदलते. पहिल्या काही मिलिसेकंदांत तो पटकन आखडतो आणि लगेच लांब व्हायला लागतो, काही शे मिलिसेकंदांत बऱ्यापैकी वाढतो, मग सावकाश परत मूळ जागी येतो. आखडणं दहा-वीस नॅनोमीटरचं, वाढणं जोरदार फ्लॅशला काही शे नॅनोमीटरपर्यंत. आउटर सेगमेंटच वीस-तीस मायक्रॉन लांब असतो, म्हणजे हा बदल फार तर एखाद टक्का. आणि नेहमीच्या ओसीटीला दोन थर वेगळे दिसायला त्यांच्यात पाचेक मायक्रॉन अंतर लागतं, म्हणजे 5000 नॅनोमीटर. मग तिथे शंभर नॅनोमीटरची हालचाल बघणार कशी?

तर फेजने, म्हणजे लहर तिच्या चढउतारात नेमकी कुठे आहे त्यावरून. ओसीटी मुळात लहरींच्या इंटरफेरन्सवर चालते, त्यामुळे परत आलेल्या प्रकाशाची तीव्रता जशी मिळते तशी त्याची फेजही मिळते, साध्या मशीनमध्ये ती टाकून देतात एवढंच. हिशोब करून बघा. समजा इन्फ्रारेड प्रकाश 800 नॅनोमीटरचा आहे, टिश्यूचा अपवर्तनांक 1.38 धरू, प्रकाश जाऊन परत येतो म्हणून अंतर दुप्पट, तर फेजचा एक पूर्ण फेरा म्हणजे 800 भागिले 2.76, सुमारे 290 नॅनोमीटर. 360 अंशांचा फेरा 290 नॅनोमीटरला, म्हणजे एका नॅनोमीटरला सव्वा अंश. चांगल्या सिग्नलमध्ये काही अंशांचा फरक सहज पकडता येतो, म्हणून नॅनोमीटरच्या घरातली हालचाल मोजता येते, चित्रात मात्र ती कधीच दिसणार नाही. यातली अडचणही त्याच आकड्यात आहे: दोन फ्रेमच्या मधे पेशी अर्ध्या फेऱ्यापेक्षा, म्हणजे सुमारे 145 नॅनोमीटरपेक्षा जास्त सरकली तर ती पुढे गेली की मागे हेच कळत नाही, फेज गुंडाळली जाते. म्हणून मशीन जबरदस्त वेगवान लागतं.

आणि डोळा तर स्थिर कधीच नसतो. नाडीचा ठोका पडला की पडदा मागेपुढे होतो, श्वास, डोक्याचं हलणं, आणि नजर एका जागी ठेवली तरी चालू असणारे बारीक बारीक झटके, या सगळ्यापुढे शंभर नॅनोमीटर म्हणजे काहीच नाही. झोक्यावर बसलेल्या पोराची उंची लांबून मोजायची असेल तर डोकं कुठे आहे ते बघून उपयोग नाही, डोकं आणि पाय एकदमच बघायला लागतात. इथेही तेच करतात. ओसीटीत प्रत्येक कोन पेशी दोन चमकदार ठिपके देते, एक जिथे आउटर सेगमेंट सुरू होतो तिथे आणि एक त्याच्या टोकाला. दोन्हीची फेज एकाच वेळी घ्यायची आणि वजाबाकी करायची. डोळा हलला तर दोन्ही ठिपके सारखेच हलतात, वजाबाकीत ते निघून जातं, उरतो तो फक्त दोघांच्या मधला बदल, म्हणजेच सेगमेंटची लांबी. माझ्या मते या तंत्राचं खरं यश मशीनच्या वेगाइतकंच या वजाबाकीत आहे, कारण तुलनेचा संदर्भ पेशीच्या आतच सापडला.

पण हे एका पेशीवर करायचं तर मुळात ती पेशी शेजारणीपासून सुटी दिसायला हवी. आपल्या कॉर्निया आणि लेन्समध्ये थोडेफार दोष असतातच, त्यामुळे पडद्यावरचा ठिपका पसरतो आणि काही मायक्रॉन रुंद पेशी एकमेकींत मिसळतात. त्यावर उपाय अडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचा, जो मूळ खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांचं लुकलुकणं घालवायला काढला. डोळ्यातून परत आलेली लहर किती वाकडी झालीय ते सेन्सरने मोजायचं आणि एका लवचिक आरशाला उलटं वाकवून ती सरळ करायची, सेकंदात कितीतरी वेळा. डोळ्यासाठी हे अमेरिकेत रोचेस्टरला 1997 मध्ये पहिल्यांदा नीट जमलं, लियांग, विल्यम्स आणि मिलर यांनी, त्यातले मिलर म्हणजे हेच ते ब्लूमिंग्टनवाले.

पेशंटच्या बाजूने हे सगळं कसं होतं तर, आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. मग दातांत धरायचा एक साचा असतो, त्याच्याच दातांचा ठसा घेतलेला, तो चावून बसायचं म्हणजे डोकं हलत नाही (ग्लॅमरस काही नाही यात, लाळ गळते). काही मिनिटं अंधार. समोर एक खूण, तिच्याकडे बघत राहायचं. इमेजिंगचा इन्फ्रारेड प्रकाश जेमतेम लालसर भासतो. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर मधेच काही मिलिसेकंदांचा रंगीत फ्लॅश येतो, फ्लॅशच्या आधीचे आणि नंतरचे सेकंद दोन्ही टिपले जातात, मग परत अंधार, परत तेच, बऱ्याच वेळा, कारण एकेका रेकॉर्डिंगमधला नॉइज सरासरीनेच खाली जातो. एका वेळी दिसणारा तुकडा साधारण एक अंशाचा, म्हणजे पडद्यावर 300 मायक्रॉनच्या आसपास. त्यात हजाराच्या घरात कोन पेशी असतात आणि प्रत्येकीचा वेगळा ग्राफ निघतो.

तो ग्राफ नक्की काय सांगतो याबद्दल मधल्या वर्षांत बरंच काम झालं होतं, त्याशिवाय पेशंटवर मोजून अर्थ लावता आला नसता. जर्मनीत ल्यूबेकला हिलमान आणि मंडळींनी 2016 मध्ये माणसाच्या डोळ्यात आउटर सेगमेंट उजेडाने लांब होतात हे फेज वापरून स्वच्छ दाखवलं, त्यांनी तर लवचिक आरसाही वापरला नाही, वाकडेपणा कॉम्प्युटरमध्ये नंतर काढला. 2017 मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसला उंदरांच्या रॉडवर काम झालं, ज्या उंदरांत ट्रान्सड्युसिन हे प्रोटीन नव्हतं त्यांच्यात सूज आली नाही, म्हणजे लांब होणं हे प्रकाश पकडल्यानंतरच्या रासायनिक साखळीशी बांधलेलं आहे, आणि त्या साखळीत तयार झालेल्या कणांमुळे पाणी आत ओढलं जातं असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. 2019 मध्ये मिलर यांच्याच लॅबने दाखवलं की ठराविक रंगाचा फ्लॅश दिला तर ग्राफच्या उंचीवरून पेशी एल, एम की एस प्रकारची (म्हणजे लांब, मध्यम की आखूड लहरींच्या प्रकाशाची) ते ओळखता येतं: लाल फ्लॅशला एल सगळ्यात जास्त उसळते, एम मध्यम, आणि निळ्यासाठी असलेली एस जवळजवळ हलतच नाही. आणि 2020 मध्ये सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या सबेसन यांच्या लॅबने सुरुवातीचं ते आखडणं रंगद्रव्याच्या रेणूंमधल्या चार्जच्या हालचालीशी जोडलं, म्हणजे साखळीची अगदी पहिली पायरी.

आता मिलर यांच्या लॅबने 2021 मध्ये मांडलेले आरपीचे डोळे. पहिला निष्कर्ष अपेक्षितच होता, आजार जितका पुढे गेलेला तितका प्रतिसाद कमी. दुसरा मात्र थेट आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्या तुकड्यांत कोनची घनता नॉर्मल दिसत होती तिथेही पेशींचा प्रतिसाद निरोगी माणसांपेक्षा वेगळा असू शकतो. म्हणजे मोजणीत पेशी हजर, रांगेत नीट बसलेली, आणि उजेड पडला की निरोगी पेशीसारखी वागेलच असं नाही. प्रतिसाद कमी होणं आणि सेगमेंट आखूड होणं या दोन्ही गोष्टी पेशींची संख्या घटायच्या आधीच सुरू झालेल्या असतात. याचा अर्थ, कोन मोजून आजाराचा वेग ठरवणं म्हणजे बराच उशीर झाल्यावर घड्याळ सुरू करणं. जीन थेरपीच्या ट्रायलमध्ये याने फार फरक पडतो. आरपीई65 या जीनच्या दोषावरची जी थेरपी अमेरिकेत डिसेंबर 2017 मध्ये मंजूर झाली तिच्या मुख्य ट्रायलमध्ये यशाचं माप काय होतं, तर कमी-जास्त उजेडात अडथळ्यांच्या वाटेवरून पेशंट चालू शकतो का, आणि निकाल वर्षभराने बघितला. माप चांगलंच आहे, पेशंटच्या आयुष्याशी जोडलेलं आहे, पण औषध पेशीपर्यंत पोचून तिला जागं करतंय का हे आधी कळायची सोय त्यात नाही.

तिसरं, लांबी आणि प्रतिसाद यांचं एकेका पेशीत जमेलच असं नाही. मला सगळ्यात जास्त थांबून विचार करायला लावलं ते याने. सरासरी काढली तर दोन्ही घटतात, त्यामुळे सहज वाटतं की सेगमेंट आखूड म्हणजे रंगद्रव्य कमी म्हणजे हालचाल कमी, सरळ हिशोब. पण एकेक पेशी सुटी करून बघितली तर लांबीवरून प्रतिसादाचा भरवशाचा अंदाज करता येत नाही. म्हणजे पेशीत निदान दोन बिघाड थोडेफार स्वतंत्रपणे चालू असावेत, एक थर नव्याने रचले जाण्यातला आणि एक साखळी चालवण्यातला. आणि व्यवहारात बघायचं तर साध्या ओसीटीत लांबी मोजून काम भागवू असं म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

चौथं एस कोनचं. निळ्याच्या या पेशी मुळात थोड्या, एकूण कोनच्या पाच-दहा टक्के, आणि आरपीत त्या एल आणि एमपेक्षा जास्त लवकर हार मानतात असं दिसलं. जुन्या डॉक्टरांना याचा वास होताच, कोलनरने 1912 च्या सुमारास सांगितलेला नियम आहे की पडद्याच्या बाहेरच्या थराचा आजार असला की निळ्या-पिवळ्यातला फरक आधी जातो. तेव्हा पेशंटच्या रंग ओळखण्याच्या चाचण्यांवरून हे कळायचं आणि त्यामागे एस पेशी खरंच आधी पडतात का, की थोड्याच असल्यामुळे त्यांचं जाणं आधी लक्षात येतं, हे सांगता यायचं नाही. आता पेशी-पेशी बघून पहिल्या बाजूला पारडं झुकलं. इथे एक किचकट गोष्ट आहे, लाल फ्लॅशला एस पेशी निरोगी असतानाही गप्पच असते, मग गप्प पेशी दिसली तर ती एस आहे की आजारी एल आहे? म्हणून एकाच रंगावर भागत नाही, निळ्याकडचा फ्लॅशही द्यायला लागतो आणि उत्तरं ताडून बघायला लागतात. आजारी डोळ्यात वर्गवारी करणं हे निरोगी डोळ्यापेक्षा म्हणूनच कितीतरी अवघड.

आणि पाचवं, जे खुद्द लेखकांनीच अनपेक्षित म्हटलंय: सगळ्यात खराब झालेल्या तुकड्यांत, जिथे कोन इकडे एक तिकडे एक अशा उरल्यात, तिथेही काही एकट्या पेशी अगदी नॉर्मल प्रतिसाद देत होत्या. शेजार उजाड आणि ही ठणठणीत. ती नशिबाने वाचली की तिच्यात काही वेगळं आहे हे या मोजमापातून सांगता येत नाही. पण कोन एकमेकींपासून लांब पडल्या की सगळ्याच सारख्या ढासळतात या कल्पनेला इथे तडा जातो. सरासरी घेणाऱ्या कुठल्याच टेस्टला ही पेशी दिसली नसती, ईआरजीला तर नाहीच, पेरिमेट्रीच्या ठिपक्यालाही नाही, आणि फोटोत दिसली असती तर उरलीसुरली म्हणून सोडून दिली असती.

एवढं सगळं असलं तरी हे उद्या क्लिनिकमध्ये येईल असं मला वाटत नाही. मशीन मोठं, चालवायला माहीतगार माणूस लागतो, तुकडा एवढासा आणि डेटा अवाढव्य, प्रोसेसिंगला रेकॉर्डिंगपेक्षा कितीतरी जास्त वेळ. लवचिक आरशाशिवाय, एकेका पेशीऐवजी छोट्या भागाचा प्रतिसाद मोजणाऱ्या साध्या आवृत्त्या काही लॅब करतायत, क्लिनिकमध्ये आधी त्याच पोचतील असा माझा अंदाज. पण त्यात मग पुन्हा सरासरी आली, आणि ती एकटी ठणठणीत पेशी परत दिसेनाशी झाली.

शिवाय ग्राफ काय सांगतो आणि काय नाही हेही बघायला हवं. आउटर सेगमेंट लांब झाला म्हणजे प्रकाश पकडला गेला आणि आतली साखळी चालली. पुढे पेशीच्या दुसऱ्या टोकाला सिग्नल सोडला गेला का, बायपोलर पेशीने तो घेतला का, मेंदूपर्यंत काही गेलं का, यातलं काहीच त्यात नाही, आणि आरपीत पुढच्या थरांची जोडणीही नंतर नंतर विस्कटते हे माहीत आहे. म्हणजे ठणठणीत प्रतिसाद देणारी ती एकटी पेशी कदाचित कोणाशीच बोलत नसेल. ल्यूबेकच्या लोकांनी आतल्या थरातही, जिथे या जोडण्या असतात, उजेडाने होणारा बदल मोजून दाखवलाय, पण तो फारच लहान असतो, आणि आजारी डोळ्यात तो पकडणं अजून कठीण. दुसरा मार्ग म्हणजे त्याच अडॅप्टिव्ह ऑप्टिक्सने एका पेशीएवढा बारीक ठिपका टाकायचा आणि पेशंटला विचारायचं, दिसलं का. दोन्ही एकाच पेशीवर करून ताडून बघितल्याशिवाय प्रतिसाद आहे म्हणजे दृष्टी आहे असं लिहू नये.

आणि शेवटची अडचण अगदी साधी आहे. आरपीच्या बऱ्याच पेशंटना लेन्सच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू होतो, काहींच्या मॅक्युलात पाणी साठतं, आजार पुढे गेला की नजर एका खुणेवर धरणंही जमेनासं होतं. यातलं काहीही असलं की फेज हाताला लागत नाही आणि तो डोळा यादीतून गळतो. त्यामुळे आज जे आकडे येतायत ते त्यातल्या त्यात स्वच्छ लेन्सच्या, नजर स्थिर धरू शकणाऱ्या डोळ्यांचे आहेत, आणि ज्यांची ट्रायलमध्ये सगळ्यात जास्त घाई असते ते पेशंट बहुतेक त्यात नसतातच.